दिव्याखाली अंधार

दिल्ली हे काही सूर्याला पारखे झालेले शहर नव्हे. वर्षातील बहुतेक दिवस तेथे ऊन असते आणि वैशाखातील ऊन तर माणसाला सावलीचा आसरा शोधावयास लावते. या शहरातील निरोगी माणसांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व किती असते, याची पाहणी काही संशोधकांनी केली आणि २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाहणीत सैनिक होते, गर्भवती स्त्रिया होत्या, तसेच डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. समाधानकारक प्रमाण आढळले ते केवळ सैनिकांच्या रक्तात. डॉक्टर व परिचारिका यांच्या रक्तातील प्रमाण उन्हाळ्यातसुद्धा कमी होते आणि हिवाळ्यात ते आणखी खालावलेले होते. आरोग्याचे नियम ज्यांना तोंडपाठ आणि इतरांना ते समजावून सांगणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्याच शरीरात सूर्याचा तुटवडा पडावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दिव्याखाली अंधार, अशी आपल्याकडे म्हण आहे. तरुण डॉक्टरांच्या बाबतीत ती दुहेरी अर्थाने खरी ठरते. पहिला तुटवडा उन्हाचा, दुसरा झोपेचा. रुग्णालयातच राहून पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर सकाळी लवकर कक्षात शिरतो आणि दिवस मावळल्यावर, कित्येकदा दुसरा दिवस मावळल्यावर, तेथून बाहेर पडतो. सूर्य उगवतो आणि मावळतो, पण त्याची व डॉक्टरची गाठ पडत नाही. अलीकडच्या काळात या दोन उणिवांचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारावयास सुरुवात केली आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत मिळेल असे नाही. त्यासाठी दोन इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. एक आहे मुडदूस या रोगाचा आणि दुसरा आहे डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा.

मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ पडून वाकण्याचा विकार. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तो वैद्यांच्या नजरेत भरला. १६४५ मध्ये डॅनियल व्हिसलर याने लायडन येथे आणि १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसन याने लंडन येथे त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे औद्योगिक क्रांती झाली. कोळशाच्या धुराने शहरांचे आकाश झाकोळले, मजुरांच्या वस्तीतील गल्ल्या अरुंद आणि घरे उंच झाली, आणि गुडघे वाकलेली मुले हे युरोपातील कारखान्यांच्या शहरांचे नित्याचे दृश्य होऊन बसले. वैद्यांनी याची नाना कारणे सांगितली. कोणी आनुवंशिकतेला दोष दिला, कोणी संसर्गाला, तर कोणी गरिबांच्या अस्वच्छतेला.

खऱ्या कारणाकडे बोट दाखवणारी माणसे त्या काळातही होती. पोलंडमधील श्न्यादेत्स्की या वैद्याने १८२२ मध्येच लिहून ठेवले होते की वॉर्सा शहरातील मुलांना मुडदूस होतो, खेड्यातील मुलांना तो सहसा होत नाही, आणि त्यावर उपाय म्हणजे मुलांना मोकळ्या उन्हात ठेवणे. जपानमध्ये धर्मप्रसारक डॉक्टर म्हणून राहून आलेल्या थिओबाल्ड पाम याने १८९० मध्ये निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांकडून माहिती गोळा केली. हिंदुस्थानासारख्या देशांतील दरिद्री माणसे इंग्लंडमधील मजुरांपेक्षा निकृष्ट अन्न खातात, निकृष्ट घरांत राहतात, तरीही त्यांची मुले बहुतांशी मुडदुसापासून मुक्त राहतात, असे त्याला दिसून आले. उन्हाचा अभाव हेच रोगाचे मुख्य कारण होय, असा निष्कर्ष त्याने काढला. परंतु ऊन ही वस्तू इतकी साधी आणि फुकटची की तिच्यात औषधी गुण असेल, यावर विद्वानांचा विश्वास बसला नाही.

विसाव्या शतकात प्रश्न प्रयोगशाळेत गेला. १९१९ हे वर्ष या कथेतील महत्त्वाचे वर्ष होय. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी याने कुत्र्याच्या पिलांना ओटच्या पिठावर वाढवून त्यांच्यात मुडदूस निर्माण करून दाखवला आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन तो बराही करून दाखवला. रोग अन्नातील उणिवेमुळे होतो, हे जणू सिद्ध झाले. मात्र ही पिले घरातच कोंडलेली होती, त्यांना ऊन मिळत नव्हते, ही गोष्ट फारशी कोणी मनावर घेतली नाही. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यासमोर बसवले. या दिव्यातून जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण निघत. मुलांची हाडे घट्ट होऊ लागली. त्याने एक चतुर प्रयोगही केला. मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले, तर दुसरा हातही बरा झाला. याचा अर्थ असा की त्वचेत काही तरी तयार होते आणि रक्तावाटे ते सर्व शरीरात पसरते. आता एका पक्षाच्या हाती तेलाची बाटली होती आणि दुसऱ्या पक्षाच्या हाती दिवा. दोघेही रोग बरा करत होते आणि दोघेही परस्परांकडे संशयाने पाहत होते.

या वादात महाराष्ट्रातील एका शहराचेही नाव येते. १९२१-२२ च्या सुमारास हचिसन आणि त्यांचे सहकारी पटेल व शाह यांनी नाशिकमधील या विकाराची पाहणी प्रसिद्ध केली. उन्हाने न्हालेल्या नाशिकला मुडदूस कसा असेल, असे कोणासही वाटेल. परंतु तो होता, आणि होता तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत. पडद्यात आणि माजघरात वाढणाऱ्या मुलींना व तरुण स्त्रियांना अन्नपाण्याची ददात नसूनही हाडांचा विकार जडत होता. उलट, दिवसभर उन्हात राबणाऱ्या गरीब कष्टकऱ्यांच्या घरी, ताटात दूधतुपाचा थेंब नसतानाही, तो जवळजवळ आढळत नव्हता. ज्या देशात सूर्य मुबलक आहे, त्या देशातही समाजाची रचना माणसाला सूर्यापासून दूर ठेवू शकते, हा धडा नाशिकने दिला. इंग्लंडमध्ये हे काम धुराने आणि दाटीवाटीच्या गल्ल्यांनी केले होते, येथे ते रूढीने केले. श्रीनगर येथे काम करणाऱ्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीही पडदा आणि बाळंतपणातील हाडांचे विकार यांचा संबंध पुढे विस्ताराने मांडला.

तेल आणि ऊन यांतील वाद मिटला तो व्हिएन्ना शहरात. पहिल्या महायुद्धाने ते शहर अन्नान्नदशेला पोहोचले होते. लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया १९१९ मध्ये तेथील मुलांच्या रुग्णालयात दाखल झाल्या. रुग्णालयाचे प्रमुख पिर्के यांचा त्यांच्या सिद्धांतावर विश्वास नव्हता. मुडदूस हा संसर्गजन्य रोग आहे, अशी त्यांची समजूत होती. तरीही त्यांनी प्रयोगास मोकळीक दिली, हा त्यांचा मोठेपणा. चिक यांनी दाखवून दिले की हिवाळ्यात घरात ठेवलेली बालके आजारी पडतात, उन्हाळ्यात पडत नाहीत, आणि आजारी पडलेल्यांना तेल द्या, दिव्याचे किरण द्या अथवा उघड्यावर ऊन द्या, तिन्ही उपायांनी ती सारखीच बरी होतात. अमेरिकेत मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये तेलातील या तत्त्वाला चौथे जीवनसत्त्व म्हणून ‘ड’ हे अक्षर दिले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या द्रव्याच्या कुळाचा शोध हा मोठा भाग होता.

यथावकाश असेही कळून आले की ‘ड’ला जीवनसत्त्व म्हणणे हा एक प्रकारे ऐतिहासिक अपघातच होय. जे शरीराला बाहेरूनच घ्यावे लागते ते जीवनसत्त्व. ‘ड’ मात्र उन्हातील किरणांच्या साहाय्याने आपल्याच त्वचेत तयार होते, यकृतात त्याचे एक रूपांतर होते, मूत्रपिंडात दुसरे होते आणि मग ते एखाद्या संप्रेरकाप्रमाणे दूरदूरच्या अवयवांना आज्ञा देते. यकृत आणि मूत्रपिंड यांतील ही रूपांतरे १९६८ ते १९७१ या काळात उलगडली. त्यानंतर रक्तातील ‘ड’ची पातळी मोजण्याची चाचणी प्रचारात आली. मुडदूस डोळ्यांना दिसत असे. हाडे न वाकताही असू शकणारा तुटवडा या चाचणीमुळे प्रथमच दिसू लागला. चाचणीत जे रूप मोजले जाते, ते रक्तात काही आठवडे टिकते. तेव्हा ही चाचणी म्हणजे एका परीने उन्हाचा हजेरीपटच होय. मागील काही आठवड्यांत माणूस सूर्यासमोर किती हजर होता, याची नोंद त्यात सापडते.

आता दुसऱ्या इतिहासाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयाच्या इमारतीविषयी जो आग्रह धरला, त्यात शुद्ध हवेच्या खालोखाल उजेडाला स्थान होते, आणि तोही नुसता उजेड नव्हे, तर प्रत्यक्ष ऊन. त्या विचारानुसार लांबट, उंच छताचे, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले कक्ष जगभर बांधले गेले. पुढे विजेचे दिवे आले, वातानुकूलन आले, जमिनीचे भाव वाढले, आणि रुग्णालयाची इमारत अनेकमजली, खोल व बंदिस्त झाली. खिडकी राहिली तरी तिला काच बसली. ‘ड’ निर्माण करणारे किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. शिवाय सकाळच्या कोवळ्या आणि सायंकाळच्या तिरप्या उन्हातही ते अत्यल्प असतात. दिवसाचा मध्यभाग ज्याने छताखाली काढला, त्याला आरोग्याच्या दृष्टीने सूर्य जवळजवळ भेटलाच नाही असे म्हटले पाहिजे.

इमारतीइतकीच शिक्षणाची पद्धतीही बदलली. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉलस्टेड यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच राहावयास लावून शिकवण्याची प्रथा रूढ केली. ‘निवासी डॉक्टर’ हा शब्द त्या अर्थाने अक्षरशः खरा होता. निवासी डॉक्टराने रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी असावे आणि बाहेरच्या संसाराची ओढ ठेवू नये, अशी अपेक्षा असे. या पद्धतीने उत्तम शल्यविशारद घडवले, यात संशय नाही. परंतु तिने एक समजूतही रुजवली की थकवा हा मनाचा दुबळेपणा असून न झोपणे हे निष्ठेचे लक्षण आहे. ज्या हॉलस्टेड यांच्या नावाशी या कठोर शिस्तीची परंपरा जोडली जाते, ते स्वतः कोकेन आणि पुढे मॉर्फीन यांच्या व्यसनाशी झगडत होते. ही गोष्ट १९२२ मधील त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी उघड झाली. आदर्श म्हणून ज्यांच्याकडे पाहावे त्यांनाही शरीराची मर्यादा चुकली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

झोपेच्या अभावाने डॉक्टरची बुद्धी कितपत मंदावते, याचे मोजमाप प्रथम १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गांभीर्याने झाले. नवशिक्या डॉक्टरांना हृदयाच्या विद्युत्-आलेखातील बिघाड ओळखावयास सांगितले. पुरेशी झोप झाली असताना त्यांच्या हातून जितक्या चुका झाल्या, त्याच्या जवळजवळ दुप्पट चुका सरासरी दोन तासही झोप न मिळालेल्या रात्रीनंतर झाल्या. लेख प्रसिद्ध झाला, वाचला गेला आणि कामाचे वेळापत्रक होते तसेच राहिले.

वेळापत्रक हलले ते एका शोकांतिकेने. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप व अस्वस्थता यांसाठी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच मरण पावली. रात्री तिची जबाबदारी होती ती दीर्घकाळ काम करून थकलेल्या, अनेक रुग्ण एकाच वेळी सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरांवर. तिच्या मृत्यूच्या नेमक्या कारणाविषयी न्यायालयात पुढे दीर्घ वाद झाला. परंतु तिच्या वडिलांनी प्रश्न धसास लावला. विमानचालकाला आणि मालमोटारीच्या चालकाला विश्रांतीचे नियम आहेत, मग डॉक्टरला का नाहीत, हा प्रश्न लोकांच्या तोंडी आला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास अशी मर्यादा घातली. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा सर्व अमेरिकेत लागू झाली. युरोपात २००९ पासून ती आठवड्याला ४८ तास आहे.

२००४ मध्ये बोस्टन येथील अतिदक्षता विभागांत झालेल्या तुलनेत असे आढळले की चोवीस तासांहून अधिक सलग पाळ्या करणाऱ्या नवशिक्या डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक होतात. पुढच्याच वर्षी असेही दिसले की अशा पाळीनंतर मोटार चालवत घरी जाताना त्यांना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते. याची दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. पाळी लहान केली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात वारंवार सोपवावा लागतो आणि त्या हस्तांतरात माहिती निसटते. ८० तासांच्या मर्यादेतच काही ठिकाणी सलग पाळीचे नियम शिथिल ठेवून २०१६ व २०१९ मध्ये ज्या मोठ्या तुलना झाल्या, त्यांत रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमाणात उणेअधिक फरक आढळला नाही. म्हणजे केवळ घड्याळ पाहून डॉक्टरला घरी पाठवणे पुरेसे नाही. त्याच्या जागी येणाऱ्याला काम नीट समजावून देण्याची व्यवस्थाही हवी.

हे दोन इतिहास एकमेकांना भेटतात ते शरीरातील घड्याळापाशी. १९७२ मध्ये संशोधकांना मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका सापडला. शरीराच्या चोवीस तासांच्या लयीचा तो सूत्रधार होय. डोळ्यांवाटे आलेल्या प्रकाशानेच त्याला दिवस कोणता व रात्र कोणती हे समजते. ही लय पेशींत कशी चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. रात्रभर झगझगीत दिव्याखाली जागून सकाळी अंधाऱ्या खोलीत झोपू पाहणाऱ्या डॉक्टरची झोप तुटक व उथळ का होते, याचे उत्तर येथे मिळते. एकच सूर्य त्वचेवाटे हाडांना बळ देतो आणि डोळ्यांवाटे निद्रेला वेळ सांगतो. जो त्याला दुरावला, तो दोन्ही देणग्यांना मुकतो.

‘ड’ आणि झोप यांचा याहून निकटचा संबंध आहे काय? मेंदूच्या ज्या भागांशी निद्रेचा संबंध आहे, तेथेही ‘ड’ला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या आहेत. झोपेचा दर्जा मोजण्यासाठी पिट्सबर्ग येथे १९८९ मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात शून्य ते २१ गुण असतात आणि पाचांहून अधिक गुण म्हणजे झोप असमाधानकारक. २०१८ मध्ये नऊ पाहण्यांतील नऊ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली असता ‘ड’ कमी असलेल्यांत झोपेच्या तक्रारी अधिक असल्याचे दिसून आले. काही लहान प्रयोगांत ‘ड’च्या गोळ्यांनी झोप सुधारली, इतर काहींत सुधारली नाही. येथे सावधगिरी बाळगली पाहिजे. कोंबडा आरवतो आणि उजाडते, म्हणून कोंबड्यामुळे उजाडते असे कोणी म्हणत नाही. ‘ड’च्या अभावाने झोप बिघडते, की जो नीट झोपत नाही तोच उन्हातही जात नाही, की दोन्हींचे मूळ तिसऱ्याच कशात आहे, हे नुसत्या पाहणीवरून ठरत नाही. निवासी डॉक्टरच्या बाबतीत मात्र हे तिसरे कारण डोळ्यांसमोर आहे. ते म्हणजे त्याच्या कामाचे वेळापत्रक.

भारतात हे वेळापत्रक कागदावर पूर्वीच सुधारले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ मधील निर्देशानंतर केंद्र शासनाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी योजना जाहीर केली. कनिष्ठ निवासी डॉक्टराने सामान्यतः आठवड्यात ४८ तास आणि एका वेळी १२ तासांहून अधिक नाही इतकेच काम करावे, असे तिच्यात म्हटले होते. त्या वाक्याला एक पुरवणी जोडलेली होती. कामाच्या निकडीनुसार तास लवचीक राहतील आणि ते रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ठरवावेत. शासकीय नियमांचा अनुभव असणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की नियमाचे खरे आयुष्य त्याच्या अपवादात असते. सार्वजनिक रुग्णालयात निकड नाही असा दिवस कोणता? दारी आलेल्या रुग्णाला परत पाठवता येत नाही, मंजूर पदे रिकामी राहतात आणि तरुण डॉक्टर तर तेथेच राहतो. हळूहळू अपवादाने नियम गिळून टाकला.

याचा पुरावा रक्तातही उमटलेला दिसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील अठरा शहरांतील दोन हजारांहून अधिक वैद्यकीय व्यावसायिकांची तपासणी झाली. त्यांपैकी ७९ टक्के लोकांत ‘ड’चा अभाव होता, १५ टक्क्यांत ते अपुरे होते आणि पुरेसे ‘ड’ जेमतेम सहा टक्क्यांत होते. किती प्रमाणाला अभाव म्हणावे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम ही रेषा येथे धरली होती. अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असा सल्लाही दिला. सावळ्या त्वचेला तेवढेच ‘ड’ तयार करावयास उन्हात अधिक वेळ लागतो, हेही विसरता येत नाही. तथापि रेषा थोडी खाली ओढली तरी चित्राचा रंग फारसा बदलत नाही. तुटवडा सनदशीर ऊन मिळणाऱ्या देशात आहे आणि तो जाणत्या माणसांत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील एका सार्वजनिक रुग्णालयात रात्री काम आटोपून सभाकक्षात विसावलेल्या तरुण स्त्री-डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली आणि सारा देश हादरला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या कृतिदलापुढील विषयांत सुरक्षिततेबरोबर डॉक्टरांच्या विश्रांतिगृहांचाही समावेश होता. जिला निश्चिंतपणे पाठ टेकावयास एक खोली मिळाली नाही, तिच्या मृत्यूनंतर देशाला त्या खोलीची आठवण झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या एका अभ्यासगटाने शिफारस केली की निवासी डॉक्टरांना आठवड्यात ७४ तासांहून अधिक काम नसावे, एक दिवस सुटी मिळावी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी.

या आकड्याचा थोडा हिशेब करून पाहावा. आठवड्यात तास असतात १६८. त्यांतून कामाचे ७४ आणि झोपेचे ५६ वजा केले तर उरतात ३८. अभ्यास, जेवण, स्नान, आईवडिलांशी दोन शब्द आणि ऊन, हे सारे त्या ३८ तासांत बसवावयाचे. तरीही आजच्या परिस्थितीत हा आकडा दिलासा देणारा वाटतो, यातच सर्व आले. १९९२ च्या नियमात आकडा होता ४८, २०२४ च्या शिफारशीत तो झाला ७४, आणि सुधारणा मानली गेली ती दुसऱ्या आकड्याला. कागद आणि कक्ष यांच्यामधील अंतर मोजावयास याहून दुसरे माप नको.

‘ड’च्या गोळीला कोणी तुच्छ लेखू नये. कॉड माशाच्या तेलाने लक्षावधी मुलांचे पाय सरळ केले, हा इतिहास आहे. ज्या तरुण डॉक्टरच्या रक्तात खरोखरच अभाव आहे, त्याने सल्ल्यानुसार ती अवश्य घ्यावी. परंतु मुडदुसाच्या इतिहासाने शिकवलेली दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. लंडनची गल्ली असो की नाशिकचे माजघर, रोगाचे मूळ माणसाच्या शरीराइतकेच त्याच्या राहणीच्या रचनेत होते. बाटलीने हाडे सुधारली, गल्ली सुधारली नाही. ती सुधारण्यासाठी धुराचे, घरांचे आणि रूढींचे कायदे बदलावे लागले. गोळीने रक्तातील आकडा वर येईल. रात्रीच्या तीन वाजता, तिसाव्या तासाला, औषधाची मात्रा लिहिताना जो हात थरथरतो तो गोळीने स्थिर होणार नाही. त्यासाठी रिकामी पदे भरावी लागतील, पाळी संपताना काम सोपवण्याची रीत घालून द्यावी लागेल, कडी असलेली विश्रांतीची खोली द्यावी लागेल आणि नियमातील अपवाद अपवादापुरता ठेवावा लागेल.

हे डॉक्टरांचे लाड नव्हेत. त्या हाताखाली जो झोपलेला असतो, तो आपल्यापैकीच कोणी तरी असतो. त्याच्या उशाशी उभा असलेला माणूस जागा असावा, एवढी अपेक्षा तो करतो. त्यासाठी त्या माणसाला आधी झोपू दिले पाहिजे, आणि अधूनमधून भर दुपारी उन्हातही येऊ दिले पाहिजे.